नदीकाठची बंदरे आणि वऱ्हाडातील कापूसपेठा

एखाद्या गावाचे नाव परमुलखात एका मालाची प्रत दर्शविण्याकरिता रूढ व्हावे, असा प्रसंग फार थोड्या गावांच्या वाट्यास येतो. अमरावतीच्या वाट्यास तो आला. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या व मुंबईच्या कापूसबाजारात, आणि पुढे ओसाकाच्या बाजारातही, वऱ्हाडाकडील आखूड धाग्याच्या कापसास ‘ऊमरा’ म्हणत असत. हा शब्द उमरावती या नावाचा अपभ्रंश होय. ऊमरा विकत घेणाऱ्या बहुतेकांनी अमरावती कधी पाहिली नव्हती. आणि ज्या कुणब्याने तो कापूस पिकविला त्याच्या कानी ऊमरा हा शब्द कधी पडला नव्हता. माल एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि भाव तिसऱ्याच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. ती कशी निर्माण झाली आणि तिच्यातून आपण कितपत बाहेर पडलो आहोत, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत.

हा विचार करताना आम्ही चीन देशाचा दाखला घेणार आहोत. अकोला व अमरावती येथील व्यापाऱ्यांस चीनच्या नदीकाठच्या बंदरांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ज्या काळात आपल्या पेठा परदेशी व्यापारास खुल्या झाल्या, त्याच काळात आणि पुष्कळ अंशी त्याच लोकांकडून त्या बंदरांचीही दारे उघडली गेली. शिवाय आपल्याकडील कापसाचे सूत त्या बंदरांतून विकले जात असे. सारख्या दुखण्याचे दोन रोगी शेजारी शेजारी ठेवले म्हणजे रोगाचे निदान सोपे होते.

इंग्रजांनी चीनशी पहिले अफूचे युद्ध केले ते १८३९ ते १८४२ या वर्षांत. या युद्धात हिंदी पलटणी लढल्या. ज्या अफूसाठी ते झाले ती बंगाल व माळव्यातील होती, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. मुंबईचे अनेक नामांकित धनिक या व्यापारावर श्रीमंत झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांचे नाव सर्वांस परिचित आहे. चीनवर झालेल्या जबरदस्तीत आपल्या देशाच्या पैशाचा व मनुष्यबळाचा वाटा होता, हे प्रांजळपणे सांगितल्याखेरीज पुढे बोलण्याचा आपणांस अधिकार नाही.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने कॅन्टन, शांघाय आदी पाच बंदरे परदेशी व्यापारास खुली झाली. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहाने यांगत्से नदीचा मार्ग मोकळा झाला, आणि १८६१ साली समुद्रापासून सुमारे एक हजार किलोमीटर आत असलेले हांकौ हे शहर परदेशी जहाजांस खुले झाले. नदीकाठी इंग्रज, रशियन, फ्रेंच, जर्मन व जपानी अशा पाच राष्ट्रांच्या वेगवेगळ्या वसाहती एकामागून एक वसल्या. तेथे त्यांचे कायदे, त्यांचे पोलीस व त्यांचीच न्यायालये. चिनी भूमीवर उभ्या असलेल्या परदेशी माणसास चिनी न्यायाधीशापुढे उभे करता येत नसे.

हांकौचे जीवन नदीच्या पाण्याबरोबर चढे व उतरे. उन्हाळ्यात यांगत्सेला पूर आला म्हणजे समुद्रातील मोठी जहाजे थेट शहराच्या घाटाला लागत. तोच चहाचा हंगाम. चहाची पारख करणारे परदेशी लोक त्या काही आठवड्यांकरिता येत, रात्रंदिवस नमुने चाखत आणि भाव ठरवीत. रशियन व्यापाऱ्यांनी तेथे चहाच्या विटा पाडण्याचे कारखाने घातले होते. हिवाळ्यात पाणी कित्येक हात खाली जाई. तेव्हा चिनी हमालास पाठीवर ओझे घेऊन घाटाच्या लांबच लांब पायऱ्या चढाव्या लागत. वर फरसबंदी रस्ता, झाडांची रांग, पेढ्यांच्या उंच इमारती व घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. खाली चिखल, होड्या आणि हमालांच्या झोपड्या. शांघायच्या नदीकाठी जी सार्वजनिक बाग होती, तीत चिनी माणसास १९२८ सालापर्यंत फिरण्याची मुभा नव्हती. बागेच्या नावात सार्वजनिक हा शब्द असल्याने ती खरोखर सार्वजनिक होत नाही!

परदेशी पेढीचा साहेब व चिनी मालधनी यांच्यामध्ये कॉम्प्रेडोर नावाचा एक चिनी मध्यस्थ असे. साहेबास भाषा येत नसे, बाजाराची माणसे ठाऊक नसत. म्हणून उधारीची हमी, नोकरांची नेमणूक, मालाची खरेदी व रोख रकमेची व्यवस्था ही सर्व कामे कॉम्प्रेडोर करी आणि दोन्ही बाजूंनी दलाली घेई. त्याच्या हाताखाली चांदीची नाणी पारखणारा जो कारकून असे त्यास तेथे ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपला सराफ शब्द. मुंबईच्या व्यापाराबरोबर तो समुद्रापलीकडे गेला, आणि हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर आजही लिहिलेला आढळतो. कॉम्प्रेडोर लोक फार श्रीमंत झाले. त्यांतील काहींनी पुढे स्वतःच्या गिरण्या व आगबोटींच्या कंपन्याही काढल्या. परंतु चीनच्या जकातीचा दर तहाने शेकडा पाचाच्या आसपास बांधून टाकलेला होता, आणि जकात खात्याचा मुख्य अधिकारीही परदेशी. रॉबर्ट हार्ट हे गृहस्थ १८६३ पासून १९११ पर्यंत त्या जागेवर होते. दलालाचे घर भरले, परंतु देशाच्या दाराची किल्ली देशाकडे राहिली नाही, असा याचा अर्थ.

आता वऱ्हाडाकडे वळू. येथे नदी नाही आणि आरमारही आले नाही. परंतु तह येथेही झाला. हैदराबादच्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. चीनमध्ये तोफांनी जे झाले ते येथे कर्जाने झाले. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी सालिना पंचवीस लाखांच्या ठरावाने तो कायमचा पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला. या कोणत्याही प्रसंगी वऱ्हाडातील माणसास एक शब्दही विचारला गेला नाही.

पूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून मिर्झापुराकडे जाई. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीने तो प्रथम मुंबईस पाठविण्यास आरंभ केला. परंतु खरी उलथापालथ झाली ती १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत. अमेरिकेचा कापूस बंद होताच लँकेशायरची दृष्टी वऱ्हाडकडे वळली आणि भाव कित्येक पट चढला. युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने कोसळला. परंतु लोहमार्गाचे काम थांबले नाही. १८६७ साली रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आले. त्यानंतर लवकरच बडनेऱ्याहून अमरावतीसही फाटा आला. पुढे एका इंग्रज कंपनीने अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मार्ग बांधला. आज ज्यास लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात, तो मार्गही मुख्यतः कापसासाठीच झाला. यांगत्सेने हांकौस जे केले ते या लोखंडी नदीने अकोल्यास केले.

रेल्वेच्या मागोमाग परदेशी पेढ्या आल्या. मूळ ग्रीक वंशाची व लंडनला स्थायिक झालेली रॅली ब्रदर्स, १८५१ साली स्वित्झर्लंडात विंटरथूर येथे व मुंबईत एकाच वेळी निघालेली व्होल्कार्ट ब्रदर्स, आणि विसाव्या शतकात जपानी कंपन्या. सरकी काढण्याची जिने व गाठी दाबण्याचे प्रेस स्टेशनालगत उभे राहिले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रात्रभर चालत व पहाटे बाजाराच्या फाटकाशी रांग लावीत. बायका व मुले जिनात मोलाने जात; रुईचे कण नाकातोंडात जात असता त्यांचा दिवस संपे. एका बाजूस कॅम्पातील बंगले व क्लब. दुसऱ्या बाजूस मारवाडी, गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांच्या नव्या पेठा. शाळा, छापखाने, नाटकगृहे व वकिलांची घरे ही सर्व याच पैशावर उभी राहिली. आजचे आमचे नागरी जीवन त्या व्यापाराचे फळ आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि फळ कोणाच्या हाती किती आले हे पाहिले पाहिजे. हांकौला कॉम्प्रेडोर, तर येथे अडत्या. बाजारात भाव ठरे तो रुमालाखाली बोटे दाबून. ज्याच्या मालाचा सौदा, त्यालाच तो कळू नये अशी ही रीत! त्यावर अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय व कडता अशा कपाती. खामगावच्या पेढीवर परदेशातील भाव तारेने येई. शेतकऱ्यास तो गाडी सोडल्यावर, आणि दलालाच्या इच्छेनुसार कळे. पेरणीसाठी सावकाराचे पैसे घेतलेले असल्याने गाडी परत घेऊन जाण्याची सोय नव्हती. ज्यास नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी झालेल्या व्यवहारास सौदा म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

या अव्यवस्थेस आळा घालण्याचा पहिला प्रयत्न याच भूमीत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. कारंजा येथील कापूसबाजार १८८६ साली सरकारी हुकुमाने नियंत्रित झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनी तो डोळ्यांपुढे ठेवला. त्याने वजनमापास शिस्त आली व बाजाराची जागा ठरली. परंतु बाजार समितीवर भरणा व्यापाऱ्यांचाच होता; पिकविणाऱ्यास तेथे खुर्ची नव्हती. काटा बरोबर झाला, पण काट्याची दांडी कोणाच्या हाती हा प्रश्न तसाच राहिला. कायदा झाल्यावर दोनच वर्षांनी, १८९९-१९०० साली, वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. कापसाने ज्वारीची पुष्कळ जमीन व्यापली होती; आणि ज्या प्रांताच्या स्टेशनांवरून वर्षानुवर्षे गाठी चढविल्या जात, त्याच प्रांतातील सहस्रावधी लोक खडी फोडण्याच्या कामावर पोटासाठी लागले.

आता या दोन कथा एकमेकींस कोठे भेटतात ते पाहा. १८७० नंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या गिरण्या वऱ्हाडासारख्या प्रांतांतील कापसाचे जाडे सूत काढीत, आणि त्यातील मोठा भाग चीनला जाई. ते शांघायहून यांगत्सेने वर चढे व थेट सेच्वानच्या खेड्यांतील मागांवर पोहोचे. ते स्वस्त असल्याने तेथील घरोघरच्या सूत काढणाऱ्या बायकांचे काम गेले. मँचेस्टरच्या मालाने जे आपल्या घरी केले तेच आपल्या मालाने चिनी घरी केले. त्या व्यापाराचे सुखही फार काळ टिकले नाही. १८९३ साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या; त्यामुळे चांदीच्या चिनी नाण्याच्या तुलनेने रुपया महाग झाला व आपले सूत चीनला महाग पडू लागले. त्याच वर्षी जमशेटजी टाटा यांच्या खटपटीने जपानी आगबोटींचा मुंबई–कोबे मार्ग सुरू झाला व जपानला आपला कापूस स्वस्तात मिळू लागला. जपानने १८९४ साली सुतावरील निर्यात कर व १८९६ साली कापसावरील आयात कर काढून टाकला. आपल्याकडे मात्र त्याच १८९६ साली लँकेशायरच्या समाधानार्थ देशी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन कर बसला, आणि तो १९२५ पर्यंत उठला नाही. परिणाम असा की, ऊमरा कापूस ओसाकास जाऊ लागला आणि चीनच्या बंदरांत जपानी सूत मुंबईच्या सुतास मागे सारू लागले. १८९५ च्या तहाने चिनी बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क मिळाल्यावर जपानी गिरण्या शांघायलाच उभ्या राहिल्या.

परावलंबनाची खरी परीक्षा १९३३ साली झाली. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावर शेकडा पंच्याहत्तर जकात बसविली; तिचा रोख जपानवर होता. उत्तरादाखल जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेणे बंद केले. आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच. तेव्हा मंदीने आधीच वाकलेल्या कापूसकऱ्याची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करता येईल. १९३४ च्या आरंभी तडजोड झाली: जपानने दहा लाख गाठी घ्याव्या, म्हणजे त्यास साडेबत्तीस कोटी वार कापड पाठविता येईल, पंधरा लाख घेतल्यास चाळीस कोटी वार. वाटाघाटी दोन सरकारांत व गिरणीमालकांत झाल्या. ज्याच्या शेतातील बोंडांवर हा हिशेब मांडला जात होता, तो शेतकरी जकात वाढली तेव्हाही त्या सभागृहात नव्हता आणि तडजोड झाली तेव्हाही नव्हता.

पुढे दोन्ही देशांत सत्ता बदलली. हांकौची इंग्रज वसाहत चीनने १९२७ साली परत मिळविली, १९३० च्या सुमारास जकातीचा हक्क परत घेतला, आणि १९४३ साली इंग्रज व अमेरिकनांचे खास न्यायालयांचे हक्क संपले. आपल्याकडेही परदेशी पेढ्यांचे रूपांतर झाले. रॅलीच्या नावाची ‘रॅलिस इंडिया’ १९४८ साली निघाली व पुढे टाटांकडे आली. व्होल्कार्ट व टाटा यांच्या भागीदारीतून १९५४ साली ‘व्होल्टास’ झाली. ज्या नावाची पेढी कापूस नेई, त्याच नावाचे कीटकनाशक आज कास्तकार दुकानातून विकत आणतो! १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्याने समितीवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत झाले; १८९७ साली जी खुर्ची नाकारली गेली ती मिळाली. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्याची एकाधिकार कापूस खरेदी चालली. हेतू चांगला होता. परंतु अनेक खरेदीदारांच्या जागी एकच सरकारी कचेरी आली, चुकारे लांबले, तोटा वाढत गेला आणि अखेर ती योजना गुंडाळावी लागली. परदेशी पेढी जाऊन स्वदेशी खिडकी आली एवढ्याने शेतकरी सज्ञान होत नाही, हा त्याचा धडा होय.

आणि चीन? तो अद्याप आपल्या काट्यावर बसलेलाच आहे, मात्र आता गिऱ्हाईक म्हणून. २०११ ते २०१४ या काळात चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांकडून चढ्या भावाने कापूस घेऊन प्रचंड साठा केला. त्यामुळे तेथील गिरण्यांनी बाहेरचा कापूस व सूत भरपूर घेतले आणि भारताची निर्यात फुगली. २०१४ साली ते धोरण बदलताच मागणी ओसरली. २०२५ च्या ऑगस्टात, अमेरिकेने भारतीय मालावर जबर जकात बसविली असता, आपल्या सरकारने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व नंतर डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. गिरण्यांस कच्चा माल स्वस्त मिळावा हा त्यातील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु तेव्हा वऱ्हाडचे पीक शेतात उभे होते, आणि पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने ज्या जकातीचा हिशेब धरला होता ती वेचणीच्या वेळी राहिली नाही. १९३३ साली सरकार परके होते, आज ते आपले आहे. तेव्हा आपण ज्यास जाब विचारू शकतो त्यास तो विचारणे हे आपले कर्तव्य ठरते.

यावरून परदेशी व्यापार बंद करावा असे कोणी अनुमान काढील तर ते चुकीचे होय. ज्या कापसास गावातच गिऱ्हाईक नाही त्यास बाहेरची वाट हवीच. अकोल्याची सावतराम मिल बंद पडल्यावर तर ती अधिकच हवी. आमचे म्हणणे एवढेच की, पेठ उघडी असणे आणि पेठेवर आपला ताबा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हांकौत पहिली होती, दुसरी नव्हती. वऱ्हाडातही दीर्घकाळ तसेच होते.

यास्तव आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या अडतीवर चालल्या आहेत, आणि अडत हा काही अप्रामाणिक धंदा नव्हे. परंतु ज्या अज्ञानावर पूर्वी नफा निघे, त्या अज्ञानाचा व्यापार आता सोडला पाहिजे. धाग्याची लांबी, ओलावा व रुईचा उतारा हे गाडीसमोर यंत्राने मोजले जावेत आणि तो आकडा शेतकऱ्याच्या हाती चिठ्ठीवर पडावा. देशी व परदेशी भाव रोज सकाळी फाटकावर ठळक लिहिले जावेत. पैसे वजन झाल्याच्या दिवशी मिळावेत. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. बाजार समितीचा ठराव व पेठेची अब्रू एवढी पुरे आहेत. नगरवासी वाचकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. बाजार समितीची निवडणूक ही खेड्यातील लोकांची भांडणे आहेत असे समजून आपण तिकडे पाठ फिरवितो. परंतु आपल्या दुकानातील दिवाळी त्या समितीच्या काट्यावरच तोलली जाते. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे व हंगाम संपेपर्यंत ते बदलू नये, ही मागणी केवळ शेतकऱ्यांची न राहता अमरावती व अकोल्याच्या व्यापारी मंडळांनी स्वतःची म्हणून केली पाहिजे. तिच्यात त्यांचाही लाभ आहे. कारण ज्या मुलखातला शेतकरी बुडतो, त्या मुलखातली पेठ फार दिवस तरत नाही.

ऊमरा हे नाव आता बाजारातून गेले. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. ते दुसऱ्यांनी दिलेले होते. पुढील हंगामात वऱ्हाडच्या एखाद्या कास्तकाराने फाटकावरील भाव स्वतः वाचून, प्रत स्वतः पाहून, पटला नाही तर गाडी वळविण्याचे सामर्थ्य बाळगून सौदा केला, तर १८५३ साली सुरू झालेला व्यवहार पहिल्यानेच बरोबरीचा झाला असे आम्ही म्हणू.